मुऱ्हाळी

— नाही, आत नको येऊ. इथंच बस, या ओट्यावर. सकाळीच सारवलाय मी. महारोग्यांचा आश्रम असला तरी या ओट्यावर कोणी आजारी बसत नाही, धोतर आवरायचं काम नाही. पाणी देऊ? — हाव, विसरलेच, माझ्या हातचं चालत नाही तुला. बाप्तिस्मा घेतला नि सरू बाटली! पण आखाजीच्या सणाला मुऱ्हाळी बनून बाटलेल्या बहिणीच्या दारात यायला चालतं, ते बरं आहे रे चुडामण. इतक्या वर्षांनी! बैलांची शिंगं काय रंगवलीस, गाडीत गादी काय घातलीस. मायनं बोलावलंय म्हणतोस. झोका बांधलाय का? निंबाला? त्याच फांदीला? — राहू दे, नको सांगू. मी विचारलंच नाही असं समज.

बोलावणं! या शब्दानं माझी केवढी फजिती केली, ऐक. एका रविवारी उपासनेत पाळक म्हणाले, प्रभूचं बोलावणं येईल, तयार राहा. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. नि मला आपल्याकडचं बोलावणं एकच ठाऊक — भाऊ गाडी घेऊन येतो, लेक गाठोडं उचलते नि माहेरी निघते. मी खरंच गाठोडं बांधलं रे! ते हिरवं लुगडं आठवतं, जरीच्या काठाचं? संवत छप्पनच्या दुष्काळात नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, तुम्ही कोणी फिरकला नाहीत, मिशनच्या खिचडीवर जगले — पण ते लुगडं नाही विकलं. माहेरी जाताना नेसायला ठेवलं होतं. ते बांधून इथं येऊन बसले. मडमबाई विचारते, सरूबाई, कुठे चालली? म्हटलं, प्रभूचा मुऱ्हाळी यायचाय. ती बिचारी हसली नाही, बाकीच्या मात्र पोट धरधरून हसल्या. हसोत! मी रोज बसायची. खरं सांगू? नाव प्रभूचं घेत होते, पण डोळे सगळे आपल्या गावच्या, निंबोल्याच्या रस्त्याला — जाऊ दे ते.

आणि गाडी आली ना! दिवस उगवायच्या आत आली, फाटकाशी थांबली, काहीतरी खाली उतरवलं नि वळली. मी धावले. गाडी दूर गेली होती, पण डाव्या बैलाच्या माळेतलं एक घुंगरू फुटकं — बापानं आणलेली माळ, त्याचा तो खुळखुळा आवाज मी कानात बोळे घातले तरी ओळखेन. आत्ता तू वळणावर होतास तेव्हाच ओळखला. मान का खाली घातलीस? वर बघ. मी बोलणार नव्हते, तिनं मला शपथ घातली होती — पण गेली ती शपथ! तुझी मथुरा होती ती. तुझी बायको. गावात सांगितलंस, राजघाटावर आंघोळीला गेली, पाय घसरला, तापीनं नेली. माय अजून तिच्या नावानं रडते, आत्ता तूच म्हणालास. नि तिला काय सांगितलं होतंस? माहेरी नेतो म्हणून! पायाची बोटं झडलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, नि छातीशी धरलेलं गाठोडं. तिचंही गाठोडं, माझंही गाठोडं. समोरासमोर उभ्या होतो आम्ही दोघी.

तेव्हा कळलं मला बोलावणं म्हणजे काय ते. गाठोडं सोडलं नि ते हिरवं लुगडं टरकन फाडलं, काठासकट, पट्ट्या केल्या नि तिचे पाय बांधले. पाळक त्याला त्याग म्हणतात, चारचौघांत माझं नाव घेतात. मला राग येतो! कसला त्याग? माझ्या हातांनी, माझ्या मर्जीनं फाडलं. रडले, हो. लुगड्यासाठी नाही — लुगड्यासाठीच रडले, झूठ कशाला बोलू?

काय म्हणालास? सेवाच करायची तर घरी येऊन मायची कर? येते ना! ही उठले बघ. मायसाठी जीव तुटतो माझा, तू कोण मला शिकवणारा? पण मुऱ्हाळी म्हणून आलास तर दोघींना ने. गादी मोठी आहे. मथुरेला मी उचलून बसवते, तुला हातही लावायला नको. मायसमोर तिला उतरवू नि सांगू, तापीनं परत दिली. म्हण हाव. एकदा म्हण! मी हे सगळं पोटात घालते, पुन्हा शब्द काढणार नाही. — बैलांकडे काय बघतोस? मी तुझ्याशी बोलतेय.

नाही ना? मग ऊठ. मी येत नाही. तू बोलावलंस म्हणून उठायला मी काही रिकामी बसलेली नाही. मला आधीच कोणी बोलावलंय, नि ते तुझ्यासारखं अर्ध्या वाटेत उतरवून जात नाही. मायला सांग, सरूला बोलावणं आलं. ती समजेल, सरू मेली. समजू दे. तुला असलं सांगायची सवय आहे.

हळू कशाला बोलू? ऐकतेच आहे ती. ते घुंगरू काय मी एकटीनंच ओळखलं? मघापासून दाराआड बसलीय. आता हाताचीही बोटं नाहीत, तरी नवरा आला म्हणून डोक्यावर पदर घेतलाय तिनं.

जा. — नि थांब. जाताना बैलांच्या माळा काढून हातात धर. गाडी दूर जातानाचा तो आवाज तिनं एकदा ऐकलाय.