डॉक्टरचा बिल्ला

हसू नका, पण चंद्रपूरच्या त्या हार्टच्या डॉक्टरवर मले पहिल्या मिनिटापासूनच डाउट होता. मनगटातून नळी टाकून दिलाची नस पाहणार होते, म्हणून मले टेबलावर झोपवलं होतं. सिस्टरच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसला.

"सिस्टर, हे काय आहे?"

"एक्स-रेची किरणं मोजाले. आमच्या अंगात किती गेले, ते यातून समजते."

तेवढ्यात डॉक्टर शिशाचा एप्रन घालाले आला. त्याच्या छातीवर बिल्लाच नाई!

"डॉक्टरसाहेब, तुमचा बिल्ला कुठी आहे?"

"अलमारीत."

"काऊन?"

तो हळूच म्हणे, "आकडा वाढला की मला घरी बसवतात. मग इथे हे काम कोण करणार?"

"मले वाटलंच होतं."

"तुम्हाला कसं वाटलं?"

आता नळी टाकणाऱ्या माणसापाशी खोटं काऊन बोलू? म्हटलं, "मी घुग्घुसकडं कोळसा खाणीत आहो. धूळ मोजायचं मशीन शिफ्टभर माझ्या कमरेले पाहिजे. आकडा वाढला का बदली करतेत. म्हणून मी ते चहाच्या टपरीवर ठेवतो."

डॉक्टर गुपचूप गेला अन् बिल्ला लावून आला. "भाऊ, आता तुम्हीही मशीन बांधायचं." मी हो म्हटलं.

काय पाहून राह्यले? हो, टपरीच्या या बाकड्यावर माझ्या बाजूले ठेवलं आहे ना, तेच मशीन.

पण त्या डॉक्टरनं तरी बिल्ला अजून लावून ठेवला असन काय? मले तं डाउटच आहे.