बाळगोळी

तुळजाबाई : ...रडून रडून आवाज बसलाय पोरीचा, वैद्यबुवा. नाक गळतंय, जांभया देती, पोट आवळून धनुकलीवाणी वाकडी हुती. दूध तोंडात धरत न्हाई. दात येत असत्याल म्हणून चार दिस कळ काढली मी.

वैद्य : दातांनी जांभया येत नाहीत, बाई. मी दिलेली बाळगोळी देता ना?

तुळजाबाई : देती की. सकाळ-संध्याकाळ दुधात उगाळून. आता तर आवडीनं चाटती. आधी थुंकायची.

वैद्य : आवडीनं? माझी गोळी? हयात गेली वैद्यकीत, माझं औषध अजून कोणी आवडीनं घेतलेलं नाही. डबी आणलीय? द्या इकडे.

तुळजाबाई : ही घ्या. अवो, तोंडात कशापायी टाकताय? ल्हान पोरांची हाय ती.

वैद्य : गूळ.

तुळजाबाई : काय?

वैद्य : गूळ आहे. गूळ आणि काजळ. वळल्यात मात्र सुबक, माझ्यापेक्षा बऱ्या. ही डबी घरात असते कुठे?

तुळजाबाई : पाळण्याच्या उशाला. तिला कोण हात लावतंय?

वैद्य : तुमचे यजमान कुठे आहेत?

तुळजाबाई : बाहीर, दिंडी-दरवाजापाशी. पोरीचं रडणं ऐकवंना म्हणाले. त्यांचं काय मधीच? ते सुटले अफूतनं. तुमच्यासमोरच तर देवापुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली समद्यांनी. सासूबाईंनी, माझ्या दिरानं, ह्यांच्या पथकातल्या सोबत्यांनी, मी. अफू घरात येऊ द्यायची न्हाई, ह्यांच्या हाती पडू द्यायची न्हाई. संभाजी भावजी उंबऱ्यावर आडवे निजले. ह्यांनी दंडाचा चावा घेतला त्यांच्या, रगात आलं, तरी पकड सोडली न्हाई. पथकातल्या गड्यांनी ह्यांची वकारी काढली आपल्या हातानं. खर्ड्याच्या लढाईत मांडीत भाला घुसला, तवा ह्याच गड्यांनी कळ मारायला अफू चारली हुती, आन सोडवायलाबी तेच आले. आता जो तो म्हणतोय, सर्जेराव सुटला. दसऱ्याला पथकात परत घेणार हाईत.

वैद्य : बाळगोळीत काय असतं, तुळजाबाई?

तुळजाबाई : जायफळ. वेखंड. मुरुडशेंग.

वैद्य : आणखी?

तुळजाबाई : ...वाईच अफू.

वैद्य : हं.

तुळजाबाई : पण तिला अफू कोण म्हणतंय, बुवा? ती बाळगोळी! माझ्या आईनं मला दिली, सासूबाईंनी ह्यांना दिली. घरातली अफू झाडून काढली आमी. खोगिराच्या पिशव्या उसवल्या, पागोट्याच्या घड्या उकलून बगितल्या. ही डबी तर माझ्या हातात हुती तवा. केर काढायचा म्हणून मीच उचलून बाजूला ठिवली.

वैद्य : शपथेचे शब्द मी सांगितले, आणि त्याच आठवड्यात डबीही मीच भरून दिली. पुण्यात सध्या शहाण्यांना तोटा नाही, वाड्यावर रोज नवा कारभारी येतोय. त्यात आमचीही भर. बोलवा त्यांना आत.

(सर्जेराव लंगडत ओसरीवर येतो. उघडी डबी बघतो आणि उभाच राहतो.)

सर्जेराव : काय म्हणत्यात बुवा? दातच न्हवं?

तुळजाबाई : गूळ खाती तुमची पोरगी. बोला की. मोगलाच्या फळीत घोडं घातलंवतं म्हणं तुमी.

सर्जेराव : पैल्यांदा एकच घेतली. मांडी ठणकत हुती. पोरगी झोपली हुती, म्हनलं एका गोळीनं तिचं काय जातंय. मग एका गोळीनं माझंच भागंना. डबी सरली, तवा गुळाच्या वळून ठिवल्या. मला ठावं न्हवतं असं हुईल. देवाशप्पत.

वैद्य : ठाऊक नव्हतं? जांभया, नाकातून पाणी, पोटात पीळ, अंगाला दरदरून घाम. सर्जेराव, हे दुखणं तुमच्याहून जास्त पुण्यात कोणाला कळतं?

सर्जेराव : ...व्हय. परवाच वळखलं मी.

तुळजाबाई : परवा! आन गप बसला? दिसभर तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत हुता. आन मी येडी म्हणत हुते, काय माया हाय बापाची!

सर्जेराव : कुणाला सांगू, तुळजे? संभाजीला? डोळं उघडलं की त्याचा पैला सवाल, 'दादा, बरं वाटतंय न्हवं?' त्याच्या दंडावरचा वण दिसायचा, मी म्हणायचो, बरं वाटतंय. आईनं देवीला नारळ फोडला. गडी पथकभर सांगत सुटले. मला अजून पायजे हाय, हे बोलायला जागाच ठिवली न्हाई तुमी कुणी.

तुळजाबाई : म्हंजी आमचंच चुकलं.

सर्जेराव : तसं न्हाई म्हणत मी.

तुळजाबाई : तसंच म्हणताय. थोडं खरंबी आसंल त्यात. म्हणून पाळण्यात हात घालायचा? अजून रांगत न्हाई ती. कुणाच्या दारात भीक मागून खाल्ली असती, तरी मला येवढी किळस आली नसती तुमची.

वैद्य : भांडण नंतर. आधी मुलीचं बघू. गोळी अशी एकदम तोडली तर इतकं लहान मूल हाती लागत नाही. ही घ्या, अर्धी उगाळलीय. चाटवा.

तुळजाबाई : थुंकली.

वैद्य : म्हणजे गोळी खरी आहे. पुन्हा द्या, बोटानं. आता रोज कणभर कमी करत न्यायची. महिना-दीड महिना लागेल.

तुळजाबाई : म्हंजी तवर अफू घरात ठिवायची? ह्यांच्या घरात?

सर्जेराव : डबी आईकडं दे.

तुळजाबाई : तुमी तिच्या पायाशी लोळला की देतील त्या. आई हाय तुमची.

सर्जेराव : मग मी घिऊन येतो पोरीला, रोज. बुवा आपल्या हातानं देत्याल.

तुळजाबाई : तुमी तिला हात लावायचा न्हाई.

वैद्य : डबी माझ्याकडे राहील. बाई, दोन्ही वेळेला तुम्हीच मूल घेऊन या, मागच्या आळीत तर राहता. आणि संभाजीरावांना हे आजच कळलं पाहिजे.

सर्जेराव : न्हाई! बुवा, पाया पडतो. त्याला नका. थुंकंल तो माझ्यावर.

वैद्य : थुंकू देत. तेवढं देणं तुम्ही लागता. पण त्यांच्यावाचून तुम्ही सुटायचे नाही, आणि त्यांना फसवून तर मुळीच नाही.

सर्जेराव : आन उठून गेला तर? समदेच गेले तर?

वैद्य : त्याचं औषध माझ्याकडे नाही.

तुळजाबाई : मी सांगणार हाय. भावजींना, सासूबाईंना, गड्यांना, समद्यांना तोंडावर. डबी मीच सांभाळली, त्येबी सांगन. चला, वैद्यबुवा, येते मी. जरा डोळा लागतोय तिचा.

सर्जेराव : तुळजे... थांब जरा. दुपार झाली की माझंबी अंग मोडून येतंय. माझ्यापाशी कोण बसंल आता?

तुळजाबाई : बगा कोण येतंय. मी पोरीपाशी बसणार हाय.