त्सोन्काबाईंचा मरणोत्तर रक्तदाब

मी, देनित्सा स्तोयानोवा कोलारोवा, वय ३८ वर्षे, व्यवसाय नोकरी (कालपर्यंत विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात संशोधन समन्वयक), राहणार झ्द्रावेत्स गल्ली १४, वर्बोग्राद, बल्गेरिया. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देते की,

आमच्या विभागात साठीपुढच्या माणसांवर रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे. विभागप्रमुख प्रा. वेलिझार बोयुक्लिएव, तेच फिर्यादी. ठरल्या तारखेला माणसे येतात, मी रक्तदाब मोजून कार्डावर लिहिते. मिंचो ग्रोझदेव, वय ७४, व त्यांच्या पत्नी त्सोन्का हे दोघेही चाचणीत होते.

१६ जून रोजी दोघेही आले नाहीत. फोन लागला नाही. मिंचोकाकांच्या कार्डावरची जागा मी कोरी ठेवली. बाईंची ती शेवटची मोजणी, म्हणून त्यांच्या कार्डाची नक्कल मात्र त्याच दिवशी वर पाठवायची होती. प्राध्यापक म्हणाले, "मुलीकडे गेली असेल म्हातारी. भर काहीतरी. एका कार्डापायी सगळं लटकवायचं का?" मी १२२/७८ भरले. शेरा: तक्रार नाही.

११ जुलै रोजी सकाळी सव्वादहाला मिंचोकाका एकटे आले. हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा डबा. "घे पोरी. आज चाळीस दिवस झाले तिला जाऊन." मी चमचाभर खाल्ले. गोड होते. आठवण म्हणून त्यांनी बायकोचे कार्ड मागितले. मी काढून दिले.

चष्मा लावून त्यांनी वाचले. "सोळा जूनला एकशेबावीस? पुरल्यावर तेरा दिवसांनी? अगं, एकेचाळीस वर्षं काढली माझ्याबरोबर, दीडशेच्या खाली कधी आली नाही. माझ्या तावडीतून सुटली म्हणून उतरला म्हणायचा!" मला हसू आले. त्यांनाही आले. मग ते बराच वेळ कार्ड उलटसुलट करत राहिले.

तेवढ्यात प्राध्यापक आले. कार्ड पाहून म्हणाले, "ही कोलारोवाबाईंची चूक. त्यांना समज देतो." मिंचोकाकांनी खुर्ची ओढली. "बसा साहेब. पायावर पाय नको. पाच मिनिटं तोंड बंद. तुमचेच नियम." काका एकेकाळचे पैलवान. प्राध्यापक बसले. नियमाप्रमाणे दहा-दहा मिनिटांनी तीनदा मोजले: १८६/११०, १९०/११२, १९४/११४. काका म्हणाले, "साहेब, तुमच्यापेक्षा आमच्या बाईची तब्येत बरी आहे."

फिर्यादीत लिहिले आहे की मिंचो ग्रोझदेव यांनी दाराला आतून कुलूप लावले व फिर्यादीच्या दंडाला जबरदस्तीने पट्टा बांधला. हे खोटे आहे. त्यांचे हात कापत होते. दोन्ही मी केले. पट्टा घट्ट बसला असल्यास तो मुद्दाम.

त्सोन्काबाईंचा आकडाही माझ्याच हातचा. भरायला प्राध्यापकांनी सांगितले, पण निवडला मी. "एकदा तरी एकशेवीसच्या घरात बघायचंय गं मला," असे त्या दर खेपेला म्हणायच्या.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले, प्राध्यापकांचे आकडे गाळायचे का. गाळू नयेत. ते खरे आहेत.

सही/-
दे. कोलारोवा