अंगणातली खाट

गडचिरोलीच्या एका दवाखान्यात रक्ताच्या रिपोर्टसाठी बसलो होतो. शेजारी चामोर्शीकडची एक बाई आणि तिचा जावई.

"जवाईबापू, डॉक्टरबाई काय म्हणे?"

"रीताच्या प्लेटलेट लई कमी झाल्या, आई. तिचं आंगच त्याइले मारून राह्यलं. रक्तातली सूज दाखवते थो आकडाबी चढला म्हणे."

"वाचन ना पोरगी?"

"औषध सुरू केलं. उद्या डबल रक्त पायतीन."

"अन् आंगावरचे थे निळे डाग?"

"त्याच्याच्यानंच. जरासा धक्का लागला तरी आत रक्त साकळते."

"म्हंजे कोणी मारलं नव्हतं तिले. थे सांगतच होती, मीच आयकलं नाई. तुमच्या दारातून उचलून आणली पोरीले. साऱ्या गावासमोर तुमाले नाई नाई ते बोलली."

"जाऊ द्या, आई."

"पण तुमी काऊन बोलले नाई? मान खाली घालून उभे होते. शेजारीणबी म्हणे, तिले आत टाकून हा आंगणात झोपते. मले खरंच वाटलं, तुमीच मारता तिले."

"मलेबी खरंच वाटलं होतं."

"काय?"

"सकाळी उठलो का तिच्या दंडावर नवा डाग. म्हटलं, झोपेत माह्याच हात पडत असन. म्हणून तर खाट आंगणात नेली होती."