निळ्या टॉवेलवाले

बोटीसमोरच्या रांगेत मास्तर खांद्यावर निळा टॉवेल टाकून उभे होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. पण त्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायची ही पहिलीच खेप. मागे एक नवरा-बायको कुजबुजत होते.

“खाली गेल्यावर मागच्यासारखं करू नका म्हणजे झालं.”

“अगं, मुद्दाम केलं का? मास्कमध्ये पाणी शिरलं, जीव घाबरा झाला.”

“म्हणून माझ्या तोंडातली हवेची नळी ओढायची? तुमची स्वतःची धड चालू होती!”

“तेव्हा सुचतं का काही? हाताला लागेल ते धरतो माणूस.”

“हात झटकून झटकून दमले मी, पण सोडाल तर शपथ! शेवटी दोघांना वर ओढून काढावं लागलं.”

“किती दिवस तेच उगाळणार? इथे जोडीनंच उतरवतात, नियमच आहे.”

“मग उतरा की जोडीनं. माझ्याबरोबर नाही. मी मघाशीच प्रशिक्षकाला सांगून जोडी बदलून घेतलीय.”

“आणि माझ्याबरोबर कोण?”

“ते पुढचे, निळ्या टॉवेलवाले. चांगले धडधाकट दिसतायत.”

मास्तरांनी टॉवेल हळूच ओढून बगलेत दडवला. उजवा पाय आपोआप धक्क्याच्या फळ्यांवर ब्रेक शोधू लागला. तेवढ्यात खांद्यावर एक गार, घामेजलेला हात पडला.

“नमस्कार काका! अजिबात घाबरू नका. काही झालं तरी मी तुम्हाला सोडणार नाही.”