रेशीम जमत नाही

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. चार माणसांनी आपल्या दारात यावं असं वाटत असेल, तर आपल्यातलं उणं झाकावं, की सांगावं?

झाकावं — म्हणालात ना मनात? मीही तेच म्हणाले असते. ऐका तर.

बार्शीत माझ्या वडिलांचा, दादांचा, छोटा छापखाना होता. अक्षरांचे शिशाचे खिळे हातानं जुळवायचे, शाईचा वास घरभर. कुणी जाहिरातीचं पत्रक छापायला आलं की दादांचा नियम — आधी त्याच्याकडून काम करून घ्यायचं, मगच चार ओळी लिहायच्या. न्हावी आला, दादा दाढी करून आले. सुईणबाई आल्या, तेव्हा मात्र आई म्हणाली, "या वेळी नियम राहू द्या."

एकदा एकनाथ पोरे आले. रफूवाले — फाटल्या कापडात सुताला सूत विणणारे. तयार कपड्यांची दुकानं झाली, रफूला कोण येणार? दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर दुकान बंद, आणि पुण्याला लेकाकडे राहून रखवालदारी, असं घरी ठरलं होतं. चाळीस वर्षं सुई धरलेला हात, मंडळी. त्यात काठी येणार.

मजकूर त्यांनीच लिहून आणला होता. वर कुलदैवत, मग 'सुप्रसिद्ध', मग 'अद्वितीय', मग तीन काका, दोन मेव्हणे. दादांनी चष्मा सारला.

"पोरे, लग्न कुणाचं?"

"लग्न न्हाई मालक, दुकानाचं हाय."

"मग दुकान कुठं आहे?"

पोऱ्यांनी कागद उलटा करून पाहिला. पत्ताच राहिला होता! हसू नका. मेव्हण्याचं नाव राहिलं असतं तर घरात काय झालं असतं, सांगा.

दादांनी आपला कोपरात फाटलेला लोकरी कोट त्यांना दिला. तिसऱ्या दिवशी परत आला. दादा बाही उजेडात धरून शोधताहेत — फाटलेली जागा सापडेना. तिथंच ओळ लिहिली: 'कुठे फाटलं होतं, ते तुम्हालाही सापडणार नाही.'

पोरेंनी ओळ वाचली आणि कागद परत सारला.

"काय झालं?"

"हे खोटं हाय, मालक. लोकरीत लपतं. रेशमात दिसतं. रेशीम मला जमत न्हाई."

"मग तसं छापू."

"जाहिरातीत? बायको घरात घ्यायची न्हाई."

दादांनी छापलंच. पहिली ओळ 'लोकरी कपड्यांचं रफू', मग ती कोटाची ओळ, मग 'रेशीम जमत नाही', शेवटी पत्ता.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग एक वकील कोट घेऊन आले. म्हणाले, "जो नाही म्हणू शकतो, त्याच्याकडे कपडा टाकायला भीती नाही." त्यांच्यामागे आणखी माणसं आली. एक बाई तर शालूच घेऊन आल्या — "जमत नाही म्हणता, पण बघा तरी!" दसरा गेला, दिवाळी गेली. पोरे बार्शीतच राहिले.

यंदा श्रावणात दादा गेले. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर लिहायला मी बसले. प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी... हात थांबला. खोडलं. लिहिलं: 'छापखाना चालवत. लवकर रागावत. कबूल केलेल्या दिवशी काम देत.' मी कधी न पाहिलेली माणसं भेटायला आली. म्हणाली, "वाचलं आणि ओळखलं."

आता तुमच्याकडे वळते. देवापुढे उभं राहून आपण काय सांगतो? इतके उपवास, इतक्या प्रदक्षिणा. अशी पत्रकं त्याला रोज येतात. उद्या एकच ओळ सांगा: देवा, मला हे जमत नाही. मग बघा, दारात कोण येतं.