पासच्या वाटेवर

— ये, ये, साक्षी, आत ये, दारात काय उभी राहतेस, आणि हे बघ, 'सर' म्हणायचं नाही, महेश म्हण, नुसतं महेश — ते सर आणि साहेब तिकडे अंबडच्या कारखान्यांत, आपण इंदिरानगरात बसतो. बस की. खुर्ची नाहीये, बरोबर, खुर्च्या मीच काढायला लावल्या, माणूस बसला की विचारही बसतात, पण तू त्या मोठ्या चेंडूवर बस, कणा ताठ राहतो. घसरतोय? पाय रोवून बस. हं. आता बोल. मी ऐकतोय. मी संस्थापक आहे, पण त्याच्या आधी मी ऐकणारा माणूस आहे — हे मी परवा पुण्याला स्टेजवरून म्हणालो तर लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला. म्हणजे पुढची रांग. मागचे जेवायला निघाले होते, पण उभे तर होतेच. व्हिडिओ बघितलास ना तू? ग्रुपवर टाकला होता, सगळ्यांनी बघायचाच म्हणून. नाही बघितलास? बरं, असू दे, घरी जाऊन बघ. बोल.

अपडेटबद्दल. वाटलंच मला. आज सगळ्यांच्या तोंडी तेच आहे, असणारच, पाच वाजता मी बटण दाबणार आणि आपल्या 'चाळराखण'चं नवं रूप एका क्षणात सगळ्या शेतकऱ्यांच्या कांदाचाळीत पोचणार. पाहुणे बघितलेस बाहेर? पुण्याचे आहेत, उद्या यांनी आपल्यात पैसा घातला ना, तर मग बघच तू. त्यांना मी एका दमात सांगितलं — ही कांद्याची चाळ, हा चाळीतला आपला डबा, डब्याला हवेतली ओल कळते, ओल वाढली की पंखे आपोआप सुरू, कांदा सडत नाही, शेतकरी घरी निवांत. एका दमात, हां. त्यातल्या त्या चष्मेवाल्या बाई तर चिवडा खायच्या थांबल्या. समोरच्यानं चिवडा खायचं थांबवलं की समजायचं, आपण जिंकलो. हे मी पुढच्या भाषणात घेणार आहे.

काय? — उलटं म्हणजे? — नीट सांग. नव्या अपडेटमध्ये ओल वाढली की पंखे बंद होतात. आणि कोरडं झालं की सुरू. थांब, थांब, साक्षी, एक मिनिट. तू आत्ता हे जे वाक्य बोललीस, ते ऐकायला कसं वाटलं तुला? जड वाटलं ना? भिंतीवर काय लिहिलंय आपल्या? वाच. 'या छताखाली नाही हा शब्द नाही.' मग हेच तू कसं म्हणायला हवंस? 'महेश, पंखे फार छान चालतात आणि त्यांची दिशा आपण अजून चांगली करू शकतो.' बघ, लगेच खोलीतली हवा बदलली. मला बदललेली जाणवली. तुला नाही जाणवली? जाणवेल, सवयीनं जाणवेल.

हो, कळलं मला, कळलं, पंखे बंद पडतात. पण मग ते तपासणीत कसं आलं नाही? तपासणी तूच करतेस ना? — आलं होतं? कुठं आलं होतं? 'पासच्या वाटेवर'मध्ये. मग बरोबर आहे की. अगं, 'नापास' हा रकाना मी काढून टाकला तो काय उगाच? किती खचायची पोरं. आता दोनच रकाने, 'पास' आणि 'पासच्या वाटेवर', आणि जेवढी जास्त कामं वाटेवर तेवढ्या मोठ्या टाळ्या, काल तुझ्या त्या पंख्यांसाठी मी स्वतः सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. तू का नाही काही बोललीस तेव्हा? — टाळ्या चालू होत्या. हां. म्हणजे, टाळ्या थांबल्यावर बोलायचं. — थांबल्यावर मी बोलत होतो. बरं. बरं, ठीक आहे, शब्दाला शब्द लावत बसलो तर पाच वाजतील.

नियाज? नियाजचं नाव कशाला मध्ये? सकाळच्या मीटिंगबद्दल म्हणतेस तू. हे बघ, तू तिथं होतीस, तू बघितलंस, सगळे गोल करून उभे, मी म्हणालो आज ऐतिहासिक दिवस, प्रत्येकानं एक आनंदाचा शब्द सांगा, सगळ्यांनी सांगितला, कुणी म्हणालं 'उंची', कुणी म्हणालं 'प्रवास', साधनाताई म्हणाल्या 'पोहे', चालतं, आनंद आहे तो त्यांचा — आणि नियाजची पाळी आली तर हा काय म्हणतो, 'हे चालत नाही, पाठवू नका.' सगळ्यांसमोर. शब्द एक सांगायचा होता, हा वाक्य बोलला, आणि तेही असलं. मतभेद मला आवडतात, साक्षी, मी मतभेदांवरच मोठा झालोय, पण मतभेदाला काही आनंद नको? म्हणून मी त्याला मोकळं केलं. काढलं म्हणू नकोस, आपण कुणाला काढत नाही, मोकळं करतो. कार्ड आणि लॅपटॉप तेवढा ठेवून घेतला. आणि आता ते तिकडं जेवणाच्या टेबलावर कुजबुजतात ना, तसलं भलतंसलतं तू तरी मनात आणू नकोस — ईदचा शीरखुर्मा या ऑफिसात सगळ्यात आधी मी खातो. फोटो आहेत. जहिदाभाभींनी, त्याच्या बायकोनं, स्वतः मला दुसरी वाटी भरून दिली होती. माझ्या मनात तसलं काही असतं तर दुसरी वाटी घेतली असती मी?

तुला भीती वाटते माझी? — नाही, विचारतोय आपलं. सारखी मागं सरकतेयस म्हणून म्हटलं. चेंडूमुळे? हां, चेंडूमुळे होतं तसं.

तर आता मुद्द्यावर येतो, मी निर्णय घेणारा माणूस आहे. थांबवायचं म्हणतेस तू. पाहुण्यांसमोर. त्या बाईंसमोर. आणि सांगायचं काय त्यांना? पंखे उलटे फिरतात? — उलटे फिरत नाहीत, उलट्या वेळी फिरतात, तेच ते. अगं, पाठवू आज, दुरुस्त करू उद्या, सगळं जग असंच करतं, आधी पाठवायचं, मग शिकायचं. एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय? बाहेर झड लागलीय म्हणून ओल आहे, कबूल, चाळ दमट होणार, कबूल, पण एक रात्र. दोन रात्री फार तर. — दुरुस्तीला किती? — आठवडा? आठवडा कसा काय? अस्सं. तो भाग नियाजनं लिहिलेला. बरं, आठवडाभर पंखे बंद तर बंद, शेतकरी जाऊन बघेल की चाळीत, हातानं सुरू करेल. — नाही जाणार. का नाही जाणार? — कारण आपणच सांगितलंय, चाळीत जायची गरज नाही. ती ओळ माझीच आहे. चांगली ओळ आहे ती. बोर्डावर पण आहे, सटाणा नाक्याच्या.

आणि हे सगळ्यांकडे होणार का? — बघ, हे तू आधी सांगायचं ना. फक्त जुन्या डब्यांवर. एवढा जीव काढलास माझा. जुने डबे म्हणजे ते आपले 'क्लासिक', सेलमध्ये खपवले — वितरित केले ते. मग काय, थोडक्यात आटोपलं. नव्या डब्यांना काही नाही, पाहुण्यांना दाखवायला नवा डबा, बटण दाबलं, पंखा सुरू, टाळ्या. जुन्यांची ओरड आली तर साधनाताई आहेत फोनवर, त्या म्हणतात 'आम्ही नोंद घेतली', पुन्हा फोन आला की पुन्हा म्हणतात, असे दिवस निघतात. निष्ठुर नाही ग मी, तुझं तोंड बघून वाटतंय तुला तसं वाटतंय. पण मोठं काही उभं करायचं तर कुणाचा तरी कांदा जाणारच. ठरलं मग. चल, ऊठ. तू खालून निर्णय दिलास, मी वरून घेतला, यालाच मी —

जुने डबे आपण कुठं कुठं दिले ग?

देवळ्याकडं. सगळेच? बहुतेक सगळे.

नाही, काही नाही. म्हणजे — आमचे आबा आहेत ना. वडील माझे. देवळ्याच्या पुढं आमचं गाव, चाळ आहे त्यांची. गेल्या महिन्यात बसवला त्यांनी आपला डबा. किती दिवस मागं लागलो होतो मी, ऐकतच नव्हते, 'तुना खेळनावर मना कांदा सोडू?' म्हणायचे, तुझ्या खेळण्याच्या भरवशावर माझा कांदा सोडू का म्हणून, चारचौघांत म्हणायचे. पेपरात माझा फोटो आला तर त्यावर लसूण सोलत बसले होते, मी बघितलं. आणि मग एक दिवस स्वतःहून फोन, 'लई ये.' घेऊन ये म्हणाले. पहिल्यांदा ग. माझं काहीतरी पहिल्यांदा घेतलं त्यांनी. आणि मी — आता घरच्यांना नवा कशाला म्हणून कपाटात पडलेला जुना उचलला आणि नेऊन लावला. क्लासिक. त्यांना काय कळतंय म्हटलं. दाराशी खाट टाकून ते झोपायचे चाळीजवळ, ती खाट त्यांनी घरात नेली. माझ्यावर भरवसा ठेवून नेली.

एक काम कर. आमची चाळ तेवढी वगळ. बाकी सगळ्यांना जाऊ दे, आबांची एक वगळ, कुणाला कळणार आहे. — येत नाही? एकाला वगळता कसं येत नाही? — हो, मीच म्हणालो होतो. नियाज म्हणत होता एकेकाला वगळायची सोय ठेवू, मी म्हणालो आपण सगळ्यांना एका पंक्तीत वाढतो. मलाच टाळ्या पडल्या होत्या त्यावर. बरं मग फोन करतो, आबांना म्हणतो ते वायफायचं बटण तेवढं बंद करा — थांब. वाजतोय. — वाजतोय. — ते माझा उचलत नाहीत. म्हणजे दुपारचे नाही उचलत.

किती वाजले? मग थांबव. सगळं थांबव. काय बघतेस, थांबव म्हटलं ना, कुणाकडेच काही जाता कामा नये, जुना नाही आणि नवा नाही, ती वायर ओढून टाक हवं तर.

आणि पाहुण्यांचं मी बघतो. बाहेर जातो आणि सांगतो, 'आज मी बटण दाबणार नाही. कारण आमच्यातली एक लहान मुलगी आत आली, बोलली, आणि मी ऐकलं.' इथं जरा थांबायचं. चिवडा खाली ठेवतील बघ ते. 'शेतकऱ्याचा एक कांदासुद्धा मला माझ्या यशापेक्षा मोठा आहे.' — चांगलं आहे ना? बटणापेक्षा हे जास्त चालेल, मला आधी सुचायला हवं होतं. तुझं नाव नाही घेत, तुझ्यावर दडपण नको. आबांचं कुणाला बोलू नकोस.

आता काय राहिलं? — नियाजचं काय म्हणजे? हो, सकाळी त्यानं हेच सांगितलं होतं, अगदी हेच, मी काही बहिरा नाही. पण तो म्हणाला तेव्हा ती कटकट होती, मी म्हणालो की तो निर्णय असतो, एवढं तरी कळायला हवं तुला, इतके दिवस माझ्या हाताखाली काढलेस. दुरुस्ती त्यालाच येत असेल तर तू शीक त्याच्याकडून, संध्याकाळी जा त्याच्या घरी, जहिदाभाभी चहा देतील. परत बोलवायचं नाही त्याला. लोकांना वाटेल, मी चुकलो होतो. जा आता, आणि जाताना हसत जा, काचेतून दिसतंय सगळं बाहेर.